निगडीची वई

मोचेमाडच्या खाडीकडची वई
कोणी लावली नाही.
शेळ्यांनीही तोंड लावलं नाही,
म्हणून राहिली.

रापण ओढून सुजलेले गुडघे घेऊन
येसो आरोलकर बसतो तिच्या बुडाशी.
पाला चुरगळला की बोटांना
कडू, हिरवा, कापराच्या शेजारचा वास.
खोबरेलात कढवला
की रस्त्यापर्यंत कळतं,
आज जाळं जड होतं.

माडाच्या ढोलीतून औंदा
दीड बाटली मध निघाला.
अर्धी देवळात गेली.

परवा पुतण्याने चिरे उतरवले,
गडगा सरळ येईल म्हणाला.
येसोने जांभळ्या तुऱ्यापाशी
कान नेला. बराच वेळ.
मग म्हणाला,
"सातेरी उपाशी रवतली."

माशी की देवी,
पुतण्याने विचारलं नाही.

चिरे तिथेच आहेत अजून.
त्यांच्यावर पाला वाळतोय.