अकरा राहिल्यात अजून

खिडकी काढायची तर आधी ती बंद कर, बसू.
उघडी खिडकी वाऱ्याची असते.
खिट्टी लाव. मग काचेवर चिकटपट्टी,
फुलीसारखी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
फुटायचंच असलं तिला
तर एका जागी फुटू दे.

हरिपूर रस्त्याची ही हळदीची गिरणी,
सात वर्षं कुलूप.
मुजावर शेठनं लोखंड उक्तं घेतलंय:
चौदा खिडक्या, दोन जाळीची दारं,
आत पडलेला चाळणीचा सांगाडा.
काचेला भाव नाही.
ती तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायची, पोत्यात नाही.
पोतं कुणीतरी पाठीवर घेतं.

हा डावा अंगठा बघ.
टोक मिरजेच्या एका दवाखान्यात राहिलं.
तेव्हा हातमोजा एकच होता, उजव्याचा.
दुसरा शेठच्या मेव्हण्याकडं.

आता पुट्टी. दगड झालीय.
हातोडी नको, पटाशी आडवी धर,
आणि पाणी मारत राहा.
या जुन्या हिरव्या रंगात शिसं असतं,
कोरडं घासलं की छातीत बिऱ्हाड करतं
आणि भाडं देत नाही.

थांब. खालच्या पट्टीवर बोट उमटलंय.
खडूची पूड नि बेलतेल मळून
दाबत गेलंय कुणीतरी चारी कडांनी.
बारीक बोट आहे.
बाई असेल, नाहीतर तुझ्यासारखा
अथणीहून आलेला कुणी.
बघितलंस? मग सोल.

वरच्या काचा आधी.
खालची आधी काढलीस
तर वरची मानेवर येते.
आणि ग्राइंडरला हात लावू नकोस अजून,
या खाचांतून चाळीस वर्षांची हळद बसलीय.
उडाली आणि ठिणगी पडली
तर भिंतीसकट आपण दोघं.
आधी ओलं फडकं. मग बादली. मग पुन्हा फडकं.

पाणी ओतलं तसं चौकटीतून
पिवळं ओघळत आलं,
भिंतीवर पुराची रेघ होती तिच्यावरून खाली,
आणि सगळ्या गिरणीला
कालच कांडप झाल्यासारखा वास.

तिसऱ्या खिडकीला तो ओरडला, अव्वा!
तळहाताची कड. फार नाही, पण खोल.
आणि काय केलं त्यानं?
खाचेतली चिमूट उचलली,
जशी घरी त्याच्या आईनं उचलली असती.
मी हातावर फटका मारला.
ती हळद नाही रे आता.
तीत गंज आहे, शिसं आहे,
कृष्णेचा गाळ, उंदरांच्या लेंड्या.
बाटलीभर पाणी ओतलं जखमेवर,
धुतलेला रुमाल घट्ट बांधला,
दस्तगीरच्या स्कूटरवर बसवला,
सिव्हिलला जा म्हटलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घे,
चिठ्ठी आण.

जाताना मागं वळून म्हणाला,
अक्का, एवढी हळद असून?

मी काय बोलणार.
उरलेली बिजागरी सोडवत बसले.
पितळेच्या खिट्ट्या वेगळ्या ठेवल्या, त्यांचा भाव वेगळा.
तीन खिडक्यांचे तीन चौकोन भिंतीत,
त्यांतून पलीकडचा ऊस दिसत होता
आणि एक माणूस, मोटार चालू करायला निघालेला.

संध्याकाळी काटा झाला.
लोखंड कुपवाडला जाईल, भट्टीत,
आणि पुढं कशाची तरी कडी होईल,
कशाचा तरी नट.
वहीत बसूचा मी पूर्ण दिवस लिहिला.
शेठ बघेल तेव्हा बघेल.

घरी जाताना वडापमध्ये
शेजारची बाई माझ्या हातांकडं बघत होती.
नखांच्या आतपर्यंत पिवळे, कोपरापर्यंत.
हसून म्हणाली,
कुणाचं लग्न हो? उरकलं का?

नाही, म्हटलं,
अकरा राहिल्यात अजून.