आउट

सित्रा. टायरच्या दुकानामागं
व्हाइसमध्ये उलटा आवळलेला फोर्क,
त्यात माझं दुसरं चाक.
पहिलं गेलं. खाजणातल्या पांढऱ्या रस्त्यावर
हँडलला डबा अडकवून निघालो होतो,
वळणावर चाकाचा पापड झाला,
डब्यातलं वरण मिठावर.

परकारचाचा म्हणाले,
"जिथं वाकलं तिथंच आवळत गेलास ना?
सगळे तेच करतात.
आधी समोरची सैल कर."
चाचा दाभोळचे. उमेदीची वर्षं गलबताच्या दोरांत गेली,
आता क्रेनचे वायररोप तपासतात,
निम्मं डोळ्यांनी, निम्मं कानानं.

छत्तीस तारा. निम्म्या पुढं ओढणाऱ्या, निम्म्या मागं,
प्रत्येक तार तीन जणींना ओलांडते,
तिसरीच्या खालून जाते.
मनामाच्या दुकानातल्या पाकिटात पस्तीसच निघाल्या.
छत्तिसावी भंगारातली, काळी, बोटभर लांब;
कापून तिला मी नवे आटे पाडले.

निपल पाव फेरा. परत पाव फेरा.
तार लबाड असते, नुसती पिळते,
आवळल्याचं सोंग करते आणि रस्त्यावर उलगडते.
म्हणून किंचित जास्त फिरवायचं,
तेवढंच मागं घ्यायचं.
रिमला रंगाच्या ब्रशचा एक केस टेकवला आहे.
खरखर. गप्प. गप्प. खरखर.

मला वाटायचं, खालच्या तारा वजन पेलतात,
मांडवाच्या खांबांसारख्या.
"तार काय पेलणार? ढकललीस तर वाकेल.
तिला फक्त ओढता येतं.
खाली आली की जरा सैलावते,
बाकीच्या ओढ सोडत नाहीत, म्हणून तू वर."

मग दोन-दोन तारा मुठीत धरून दाबल्या,
तळहातावर वळ उठेस्तोवर.
कुरकुरल्या, टण् म्हणाल्या, बसल्या.
चाचा नखानं छेडत फिरले.
काळीपाशी थांबले.
"ही वर लागते."
सोडू का अर्धा फेरा?
त्यांनी चाक फिरवलं. केस कुठंच लागला नाही.
"राहू दे. हिला हात लावलास
तर शेजारच्या चौघी बोलायला लागतील."

शुक्रवारी पहाटे पुलावरून मनामापर्यंत गेलो, आलो.
संध्याकाळपर्यंत काळीवर तांबूस ठिपका,
कापलं होतं तिथंच.
तेलाचं बोट फिरवलं.

रात्री आईनं फोनवर विचारलं,
एवढ्या खटाटोपात विकत नसती का आली?
मी फोन चाकाजवळ धरला
आणि नखानं एकेक करत फिरलो, पूर्ण छत्तीस.
ती म्हणाली,
आवाज तुटतोय रे तुझा.