तीस इंच

पाच पायऱ्या. सहा-सहा इंचांच्या.
एकोणतीस वर्षं मी त्या चढलो
आणि नकाशात पाच रेघांपलीकडे
त्यांना काही मानलं नाही.

विद्यापीठाच्या बांधकाम विभागात माझं टेबल खिडकीशी.
समोर काळ्या दगडाची इमारत, तिच्यामागे अमरावती रोडचा धुरळा.
वरून पत्र आलं, तपासणी समिती येतेय, रॅम्प हवा.
मी तो मागच्या दाराला दिला,
जनरेटर आणि मोडक्या बाकांच्या मधे
बारा फुटांत कसाबसा कोंबून.
‘दर्शनी भाग बिघडू नये’ असा शेरा होता.
शेऱ्याखाली सही माझीच.

मार्चमध्ये यामिनी ढोक मला भेटायला आली.
आली म्हणजे, शिपाई सांगत आला, खाली बोलावलंय.
माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर.
“सर, तो उतार तुम्ही काढला?
उतार नाही तो, घसरगुंडी आहे.
चढवायला दोन मुलं लागतात, उतरवायला तीन.”
मग चाकावरची धूळ अंगठ्यानं पुसत,
“आणि सगळे पुढून येतात.”
रागावली असती तर बरं झालं असतं.

लेखा विभागानं विचारलं, असे विद्यार्थी किती?
रजिस्टर पाहिलं.
रजिस्टर पुढच्या दारावर असतं,
मागून आलेल्याची त्यात नोंद नाही.

तीस इंच उंची म्हणजे तीस फूट उतार,
मधे दम खायला सपाट जागा.
त्यात विभागप्रमुखांच्या गाडीची सावली गेली.
सुखदेव निनावे मिस्त्री पाण्याची नळी घेऊन आला,
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.
पाणी हललं, डुललं, ठरलं.
“पाण्याले खोटं बोलता येत नाही, साहेब.
तुमच्या कागदाले येते.”

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
स्टीलचा कठडा मी मोठ्या हौसेनं लावून घेतलेला.
निशिकांत उईके, इतिहासाचा, जन्मांध,
भर दुपारी त्यानं तो धरला आणि हात झटकला.
“काहून जी, तवा बसवला का?
आम्ही हातानं पाह्यतो.”
त्याच्यासाठी पिवळ्या उठावाच्या फरश्याही होत्या.
त्यांच्यावर कुणी पाणपोईचे रांजण मांडले, पुण्याचंच काम,
आणि त्याचा गुडघा फुटला.
रांजण हलवले. स्टील काढून सागवान लावलं.
खर्चाचं स्पष्टीकरण मी अजून देतोय.

कॉलेज उघडलं त्या दिवशी
यामिनी पुढून आली, एकटी.
रबरावर तळव्यांचा आवाज, सपाटीवर थांबली,
पुन्हा आवाज.
मी मोजत नव्हतो असं म्हणणं खोटं ठरेल.
वर पोचली, आणि दारात
पुढची लहान चाकं थटली.
काळ्या दगडाचा उंबरठा. पाऊण इंच.
माझ्या एकाही नकाशात तो नव्हता.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
सुखदेवनं पिशवीतून छिन्नी काढली.
“करा तुम्ही,” ती म्हणाली,
चाक थोडं मागे घेतलं, ब्रेक लावला, पुस्तक उघडलं.

आत तास सुरू होता.
ठक्. ठक्.
सरांनी दोनदा दाराकडे पाहिलं,
मग बोलणं थांबवून
फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू लागले.
दगडाची पूड तिच्या पानावर उडत होती.
फुंकर मारून ती पान उलटत होती.