कसोटी

इंदूरच्या सराफ्यात रात्री
शेवटचं सोन्याचं शटर खाली येतं
आणि त्याच ओट्यावर गराडूची कढई चढते.
वरच्या खोलीत मी खिडकी लावून घेते.
वास तरी येतोच, वर्णपटावर बसतो.

आज सतरावा तारा.
गुच्छ जुना, शंभर कोटी वर्षांपुढचा.
एवढ्या वयात तापट निळे तारे
केव्हाच विझलेले असायला हवेत.
हा नाही विझला.
हायड्रोजनच्या तांबड्या रेषेपाशी
इतरांच्या आलेखाला खड्डा पडतो,
ह्याचा वर उठतो:
दोन शिखरं, मधे जराशी खाच.
म्हणजे भोवती वायूची तबकडी आहे.
इतका गरगरतोय की
अंगावरचं अंगावर राहत नाही.

अण्णा काळ्या दगडावर गिऱ्हाइकाचं सोनं ओढायचे.
शेजारी आपल्या ओळखीच्या सोन्याची रेघ,
वर तेजाबाचा थेंब, मान तिरकी.
‘रेघ खोटं बोलत नाही’ असलं काही
ते कधी म्हणाले नाहीत.
म्हणायचे, "बावीसला जरा कमी. चहा घ्या."
मीही तेच करते.
ताऱ्याच्या रेषेशेजारी निऑनच्या दिव्याची.

निबंधात मी कर्मणी प्रयोगात लिहिलंय:
‘जोडीदाराकडून वस्तुमान घेतले गेले असावे.’
होता एक थोरला.
आधी फुगला, आणि आपलं सगळं
ह्याच्या पदरात घालून बसला.
ह्याला नवं वय मिळालं, वर ही भिंगरी.
तो आता सोललेला गाभा,
अतिनीलमधे सापडला तर सापडतो.

अकराला शरयू वर येते.
चाव्या खुंटीला.
अण्णा गेले तेव्हा ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.
फिजिक्सच्या वहीची पहिली चाळीस पानं तिची,
पुढची माझी.
बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग,
साबणानं न जाणारे.

"हा दुसरा कुठाय?"
दिसत नाही.
"मग कळलं कसं?"
हा डुलतो ना थोडा. रेषा सरकतात,
महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे.
कुणीतरी ओढतंय अजून.

मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं.
वही, चाळीस पानं, वगैरे.
तिनं मान तिरकी केली.
"डावं शिखर उंच आहे गं. मोजलंस?"
मोजलं नव्हतं.
सतराच्या सतरा परत काढायला लागणार.

खाली कुणाच्या तरी हातून मसाला सांडला,
मीठ ज्योतीत पडलं
आणि क्षणभर समोरची भिंत, पत्रा, पोरांची तोंडं
सगळं पिवळंजर्द.
"पाच हजार आठशे नव्वद," मी म्हटलं,
सवयीनं, तिला शिकवल्यासारखं.
"आणि शहाण्णव," शरयू उशी झटकत म्हणाली,
"दोन असतात त्या."