बासष्टचं माप

डिचोलीत आमच्या गल्लीला अजून समयांचाच आवाज आहे,
पितळेचा, गोल, शेवटी थोडा लांबणारा.
आमच्या पडवीतला तेवढा वेगळा: सोळा गेजचा पत्रा,
सपाट, कोरडा, शेजाऱ्यांना न आवडणारा.

बाबा शिरस्त्राणं करतात.
पंधराव्या शतकातली, दर महिन्याला बारा.

चित्र येतं फोनवर. मी ते मोठं करून दाखवते:
मागे मानेवर उतरलेलं शेपूट, पुढे झडप,
डोळ्यांसाठी एक चीर,
पिकली का बघायला पपईला द्यावी तेवढी.
बाबा चष्मा कपाळावर सरकवतात,
"आनी हांगा कितें? कान?"
कान नाहीत, बाबा. त्यांना ऐकू यायचं नसतं.

पहिल्या वर्षी विचारलं होतं, किती माणसं मरतात तिथं.
कोणी नाही, मी म्हटलं. कुरणात पडतात,
पाच वाजता उठतात, बियर पितात, गाड्या काढून घरी जातात.
बाबांनी हातोडा खाली ठेवला. खूप वेळानं हसले.
"म्हळ्यार आमचो काल्यांतलो संकासूर."
पहाटे तोंडाचा रंग पुसत चहा मागणारा.
तेव्हापासून ते निर्धास्त ठोकतात.

जुनं दिसायला हवं, एकानं लिहिलं, जास्त पैसे देईन.
श्रावणात दोन रात्री पडवीबाहेर ठेवलं,
शंभर वर्षं फुकट चढली.
बाकीच्यांना मात्र खोबरेल चोळावं लागतं, आतून बाहेरून,
आणि बेल्जियमहून एका बाईची तक्रार आली:
लढाईच्या ऐन मध्यावर मला भूक लागते.

अस्तर आईचं. गोधडीचा टाका.
हिशोबात तिचा वेगळा रकाना नाही.

माप कायतानचं.
अस्नोड्याहून यायचा वेल्डिंगला, डोकं बासष्ट सेंटिमीटर,
सगळ्यात जास्त खपणारं.
प्रत्येक नवं त्याच्याच डोक्यावर बसवून बघायचे बाबा,
वरून टिचकी मारून विचारायचे, "आसा मरे?"
आतून उत्तर यायचं, घागरीतून आल्यासारखं:
"आसां."

गेल्या मे महिन्यात पोर्तुगालचा पासपोर्ट काढून तो स्विंडनला गेला.
कसल्याशा गोदामात रात्रपाळी. थंडी खूप, म्हणाला,
कानटोपी मिळते, पण डोक्याला बसत नाही.

जाताना फणसाच्या लाकडाचा साचा त्यानंच तासून दिला,
एका हातानं स्वतःचं डोकं चाचपत, आरशाशिवाय,
डाव्या कानामागचा उंचवटासुद्धा सोडला नाही.
तिकडच्या कुरणांत आता तीनएकशे माणसं
कायतानच्या डोक्याच्या पोकळीत आपलं डोकं घालून
एकमेकांवर चालून जातात.
कानामागे थोडी जागा रिकामी लागत असेल त्यांना.
अजून कोणी लिहिलेलं नाही.

बाबा साच्यावर पत्रा चढवतात.
शेवटचा घाव घातला की सवयीनं टिचकी मारतात
आणि थांबतात,
पूर्वी थांबायचे तेवढंच.

मग मी खोक्यावर पत्ता लिहिते.