दम धरा

पुंता अरेनासला वारा असा
की नगरपालिका चौकाचौकांत दोरखंड बांधते,
धरून चाला म्हणते.
त्या गावात एदुविना कार्कामोला
श्वास पुरेना.

खेकड्यांच्या कारखान्यात नऊ तास उभी.
सोमवारी जिन्यात थांबली, तिसऱ्याच पायरीवर.
मंगळवारी न्हाणीघरात भोवळ,
शुद्धीवर आली तेव्हा नळ चालूच.
बुधवारी दवाखान्यात म्हणाली, जीव घाबरतोय.
डॉक्टरांनी लिहिलं: घाबरते.
फार काही बदललं नाही,
जीव तेवढा गाळला.

छातीत कळ? नाही.
खोकल्यातून रक्त? नाही.
घरी काही ताण?
(ताण होताच. कुणाला नसतो.)
मग दम धरा, बाई. ही गोळी घ्या, झोपा.

शनिवारी रात्री माझ्या मशीनवर दोघं आले.
आधी रादोमिर व्रसालोविच, ट्रकवाला,
छाती मुठीत, रुमालावर लाल ठिपका,
अगदी भिंतीवरच्या तक्त्यातल्या माणसासारखा.
दारापासून माझ्या टेबलापर्यंत चाळीस मिनिटं.
त्याच्यामागून ती.
बुधवारपासून मोजलं तर चौथा दिवस.

मी चित्रं काढते, निदान करत नाही.
पण दिसायचं ते दिसतंच:
पांढऱ्याशुभ्र फांदीत अडकलेली करडी गाठ.
त्याच्या एका बाजूला.
तिच्या दोन्ही.

काचेआडून मला एवढंच बोलायचं असतं:
श्वास घ्या. धरून ठेवा.
त्याने धरला.
ती म्हणाली,
आणखी किती धरू?

त्याला लगेच वर नेलं, नळी घालून गाठ ओढून काढली.
तिच्यासाठी चर्चा झाली.
बायकांना रक्तस्राव जास्त होतो, थांबून बघू.
थांबायचं कसं ते तिला ठाऊकच होतं.
वाचली. दोघंही वाचले, हे सांगायला हवं.

महिन्याने तपासणीला आली ती पांढरीफटक.
रक्त पातळ करायची गोळी
आणि पाळी,
या दोघींची कधी गाठ पडेल
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं.
चादरी मोजत बसले होते, म्हणाली,
आणि हसली. मला हसता आलं नाही.

तेव्हापासून मी फॉर्मवर
रुग्णाचं वाक्य जसंच्या तसं लिहिते.
डॉक्टर कटकट करतात. जागा कमी पडते.
पडू दे.

परवा चौकात दिसली,
एका हाताने दोरखंड धरून.
पलीकडे जायची घाई नव्हती.
तोंड उघडून
वारा पीत उभी होती,
उधळ्या माणसासारखी.