वळ

खानापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात
मी कंपाउंडर. एकोणीस वर्षं झाली.
नायलॉननं कापलेली नाकं धुतो,
खांद्याला आलेलं आवाळू डॉक्टर चिरतात
तेव्हा शिंगं धरतो.

मधेच एखादा बैल येतो,
पोट फुगलेला, नाहीतर खुरात खिळा,
आणि माझी बोटं आपोआप
त्याच्या म्होरकीखाली सरकतात.
केस शाबूत. कातडं मऊ, थंड.
"लुमाण्णाची काय ही?"
"मग काय की!"

लुमाण्णा नंदगडचा, बाजाराच्या मागं राहतो.
अंबाडी कुजवतो, झोडतो, विंचरतो,
मांडीवर घेऊन पीळ देतो.
त्या मांडीवर चाळीस वर्षांत
एक केस उगवलेला नाही.

माप घ्यायला फीत नाही.
बैलाच्या डोळ्याखाली वीत ठेवतो
आणि थोडा वेळ गप्प उभा राहतो.
बैलही.
मग म्हणतो, "डावीकडनं रवंथ करतोय ह्यो,
दोन बोटं ढिली लागणार."

शिंपी गाठ आत लपवतो.
लुमाण्णाच्या सगळ्या गाठी बाहेर,
ओबडधोबड, वर एक तांबडा गोंडा.
आतून मात्र काळी लोकर, सायीसारखी.
उलटं काम, मी एकदा म्हणालो.
"मिरवायचं मानसानं,
घालायचं बैलानं."

त्याचा वळ दोरीतच राहतो,
अंगावर उठत नाही.

परवा गंदिगवाडचा बसलिंग आला.
मलप्रभेच्या उतारावर गाडी कलंडली,
उजवा बैल जुवाखाली, मान चिखलात.
सगळे कोयता शोधत होते.
ह्यानं जोत्याचं एक टोक ओढलं,
अख्खी गाठ पाण्यासारखी निघाली.

बैल दारात उभा होता, चिखलाचा, खरचटलेला, शेण टाकत.
बसलिंगनं जोतं टेबलावर ठेवलं.
तो त्याला हग्ग म्हणाला, मी दोर म्हणालो,
आणि ती गाठ पुन्हा मारायला बसलो.
त्याला जमेना. मला जमेना.
डॉक्टर चष्मा काढून वाकले,
दोनदा चुकले, तिसऱ्यांदा हसले.
बाहेर एक म्हैस कधीची ओरडत होती.

जेवणाची वेळ झाली.
मोकळं जोतं खांद्यावर टाकून
बसलिंग नंदगडच्या बसला धावला,
बैल आमच्या कडुनिंबाला बांधून,
साध्या गाठीनं.